एडवर्ड सईद यांचे ‘ओरिएंटॅलिझम’ : धुळ्यातील एका वाचकाचा अभिप्राय

पॅलेस्टिनी-अमेरिकी साहित्य-अभ्यासक एडवर्ड सईद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथाची कागदी बांधणीची आवृत्ती मी नुकतीच मागवून सलग वाचली. पौर्वात्य देशांविषयीची पाश्चात्त्य विद्वत्ता त्या देशांवरील सत्तेशी कशी जोडलेली आहे, हा या ग्रंथाचा विषय. मूळ ग्रंथ १९७८ चा आहे. या आवृत्तीत त्याला १९९५ चा उत्तरलेख आणि २००३ ची प्रस्तावना जोडलेली असून, केवळ या दोन लेखांसाठीही जुन्या प्रतीऐवजी हीच घ्यावी असे माझे मत आहे. अमेरिकी फौजा इराकमध्ये शिरल्यानंतर लिहिलेली ही प्रस्तावना सईद यांच्या अखेरच्या लेखनापैकी आहे. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला ते रक्ताच्या कर्करोगाने गेले. छपाईबाबत मात्र तक्रार आहे. अक्षर बारीक आहे, समास अपुरा आहे आणि टिपा शेवटी दिल्यामुळे प्रत्येक संदर्भासाठी मागे-पुढे पाने उलटावी लागतात.

ग्रंथाचे पहिले प्रकरण ब्रिटिश राजकारणी आर्थर बाल्फोर यांनी १९१० साली ब्रिटिश संसदेत इजिप्तविषयी केलेल्या भाषणापासून सुरू होते. इजिप्तची संस्कृती आपल्याला ठाऊक आहे, म्हणून तेथे राज्य करणेही आपल्यालाच साधते, ही त्या भाषणातील गृहीत धरलेली साखळी सईद एकेक कडी सुटी करून दाखवतात. १७९८ साली नेपोलियन इजिप्तवर चालून गेला तेव्हा सैन्याबरोबर विद्वानांचा ताफाही नेला होता, याकडे ते लक्ष वेधतात. सत्ता आणि विद्वत्ता यांचे हे साहचर्य त्यांनी कवी, प्रवासी, भाषाशास्त्रज्ञ आणि प्रशासक यांच्या लेखनातून इतक्या चिकाटीने शोधले आहे, की वाचक थकला तरी युक्तिवाद सैल पडत नाही.

खानदेशातील वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांकडे गेला, १८२५ साली भिल्लांच्या कारभारासाठी एजन्सी (सरकारी कचेऱ्या) नेमल्या गेल्या आणि त्याच सुमारास इंग्रज लष्करी अधिकारी जेम्स औट्रॅम यांनी भिल्लांचीच पलटण उभारली, जिचे ठाणे धरणगावी होते. पुढे १८८० साली खानदेशचे गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, निघाले आणि १९०७ साली ब्रिटिश अधिकारी व भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात अहिराणी ‘खानदेशी’ या नावाने भिल्ली बोलींच्याच खंडात बसवली गेली. गॅझेटियरमधील नद्या, जमिनी आणि पीकपाण्याची माहिती आजही उपयोगी पडते, आणि आपल्याकडील अभ्यासक तिच्यावर विसंबतात. तथापि त्याच ग्रंथात एखाद्या जमातीचा स्वभाव दोन-चार विशेषणांत निकाली काढलेला आढळतो, तेव्हा हे कोणी, कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी लिहिले, हा प्रश्न विचारण्याची शिस्त सईद लावतात. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना त्या पानावर बोलण्याची जागा मुळी ठेवलेलीच नव्हती, हे एकदा दिसले की तो मजकूर पूर्वीसारखा वाचता येत नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने नोंदवावीशी वाटते. पाश्चात्त्य पंडितांना झोडपण्यासाठी या ग्रंथाचा सोटा करणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. सईद यांना हा वापर मान्य नव्हता आणि उत्तरलेखात त्यांनी तो स्पष्टपणे नाकारला आहे. पावरा किंवा भिल्ल माणसाविषयी आपण मराठी लेखकांनी जे लिहिले, तेही याच कसोटीवर घासून पाहिले पाहिजे. ते टाळून केवळ गोऱ्या साहेबाला दोषी ठरवणे म्हणजे अर्धाच ग्रंथ वाचणे होय.

ज्या माणसाने हे लिहिले तो १९३५ साली जेरुसलेममध्ये जन्मला आणि १९६३ पासून कोलंबिया विद्यापीठात साहित्य शिकवत राहिला. १९७७ ते १९९१ या काळात सईद पॅलेस्टिनी राष्ट्रीय परिषदेचे, म्हणजे पॅलेस्टिनींच्या निर्वासित संसदेचे, सदस्य होते, तरीही इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील १९९३ च्या ओस्लो कराराला त्यांनी उघड विरोध केला आणि स्वकीयांचा रोष पत्करला. १९९९ साली पियानोवादक व वाद्यवृंद-संचालक डॅनिएल बारेनबॉइम यांच्यासह त्यांनी अरब व इस्रायली तरुण वादकांचा वाद्यवृंद उभारला, जो आजही वादन करतो. आपल्या पक्षाची बाजू घेतानाही त्या पक्षाच्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारण्याची ही वृत्तीच मला त्यांचा सर्वांत टिकाऊ वारसा वाटते.

ग्रंथाला मर्यादा आहेत. भर इंग्रज, फ्रेंच आणि नंतर अमेरिकी लेखनावर आहे. जर्मन पंडितांची मोठी परंपरा जवळजवळ बाहेरच राहिली आहे, आणि भारताचा उल्लेख येतो तो ओझरताच. मधले प्रकरण, विशेषतः सासी आणि रेनाँ या एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच प्राच्यविद्या-पंडितांवरील भाग, फ्रेंच विद्वत्तेची पार्श्वभूमी नसलेल्यास जड जाईल. त्याने आधी प्रस्तावना, मग पहिले प्रकरण आणि उत्तरलेख वाचून मधल्या भागाकडे वळावे. अहिराणीवर किंवा सातपुड्यातील जमातींवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र ग्रंथालयाच्या प्रतीवर भागवू नये. स्वतःची प्रत घ्यावी आणि गॅझेटियर शेजारी उघडे ठेवून ती वाचावी.