हाताला मुंग्या येतात: मान, कोपर की मनगट?

माझी मावशी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातली. कापसाची वेचणी सुरू झाली की उजवा हात तिला रात्री दोन-तीन वेळा उठवायचा. "रातले हात झोपी जास," एवढंच ती सांगायची. उठायची, हात झटकायची, पुन्हा आडवी व्हायची. एका ठिकाणी मानेचा एमआरआय निघाला, त्यात 'गॅप' दिसला आणि गळ्यात पट्टा आला. तो पट्टा लावून ती आठ महिने शेतात गेली. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून मी घरी आले, तोवर तिच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा खपाटीला गेला होता. दुखणं मनगटात होतं आणि पट्टा मानेला होता.

आज माझ्याकडे रावेर-चोपड्यापासून पेशंट येतात. बहुतेकांच्या हातात मानेचा रिपोर्ट असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: ताई, मानेचं ऑपरेशन करू की नको? त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा. नस दबली असेल, तर ती नेमकी कुठे दबली आहे?

ठिबकच्या नळीसारखं

आमच्या भागात केळीला ठिबक असतं, म्हणून मी तेच उदाहरण देते. एकाच ओळीतली झाडं माना टाकू लागली तर आपण त्या ओळीची नळी तपासतो. अख्खा प्लॉट सुकू लागला तर सबमेनचा, म्हणजे सगळ्या ओळींना पाणी देणाऱ्या जाड नळीचा, कॉक बघतो. हातालाही हाच हिशोब लावायचा, पण जोडणी जास्त गुंतागुंतीची आहे.

हाताला जाणाऱ्या नसांची मुळं पाच. मानेतली सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि छातीच्या वरच्या टोकाची टी-१. (मानेत मणके ७ आणि मुळं ८, म्हणून रिपोर्टमधले आकडे वाचताना लोक गोंधळतात. सी-५ आणि सी-६ मणक्यांमधली डिस्क सरकली तर सी-६ मूळ दबतं. सी-६ आणि सी-७ मधली सरकली तर सी-७.) ही पाच मुळं कॉलर बोनच्या आसपास एकमेकांत मिसळतात. आधी त्यांचे तीन जाड सोट होतात, त्यांच्या सहा फांद्या फुटतात, त्या पुन्हा जुळून तीन दोर होतात आणि शेवटी त्यातून पाच मोठ्या नसा निघतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात.

या मिसळण्यामुळेच मान आणि मनगट वेगळं ओळखता येतं. सी-६ मुळाचे धागे मुख्यतः तीन नसांत वाटले जातात: दंडाची बेटकुळी फुगवणाऱ्या, मनगट वर उचलणाऱ्या आणि अंगठा-तर्जनीला स्पर्श देणाऱ्या. मानेत सी-६ दबलं की ही तिन्ही कामं थोडी थोडी बिघडतात. मनगटातून तळहाताकडे जाणारी मिडियन नस तिथेच दबली की फक्त तिची पुढची ओळ सुकते: बोटांचा स्पर्श आणि अंगठ्याचे छोटे स्नायू. दंडात ताकद जशीच्या तशी राहते.

मान आणि मनगट: खरा घोळ इथेच

दोन्हींत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधीर होऊ शकतं. म्हणून मी आधी वेळ विचारते. मनगटाचा त्रास रात्रीचा, झोपेतून उठवणारा. हात झटकला की उतरतो. गाडीचं हँडल धरल्यावर, फोन कानाला लावल्यावर, म्हशीचं दूध काढताना वाढतो. मानेचा त्रास मान वळवली, मागे टाकली, खोकला किंवा शिंक आली की वाढतो. कळ मानेतून किंवा खवाट्याच्या आतून निघून हातात उतरते. मानेचा पेशंट बरेचदा तळहात डोक्यावर ठेवून बसलेला दिसतो, कारण तसं केल्याने मुळावरचा ताण सुटतो. मनगटाच्या पेशंटला हात वर धरला की उलट जास्त मुंग्या येतात.

एक गोष्ट मात्र फसवते. मनगटात दबलेल्या नसेचं दुखणं कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंत वर चढतं. मावशीच्या बाबतीत तसंच झालं. खांदा दुखतो म्हणाली म्हणून सगळे मानेकडे वळले.

मग मी अनामिका बघते. मिडियन नस या बोटाच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागाला स्पर्श देते, उरलेला अर्धा करंगळीकडून येणाऱ्या अल्नर नसेचा. कापसाचा बोळा दोन्ही बाजूंनी फिरवा. एक बाजू बधीर आणि दुसरी शाबूत निघाली तर दोष नसेत आहे, मुळात असण्याची शक्यता फार कमी. तळहाताचा मधला भागही तपासा. त्याला स्पर्श देणारी फांदी मनगटाच्या बोगद्याआधीच फुटून वरून जाते, म्हणून मनगटाच्या त्रासात बोटं बधीर असली तरी तळवा चांगला असतो.

तो बोगदा म्हणजे कार्पल टनेल. तीन बाजूंनी मनगटाची हाडं, वरून एक जाड पट्टा आणि आत बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या. मिडियन नस त्यांच्याच गर्दीतून जाते. दोऱ्यांवरचं आवरण सुजलं की चेपली जाते ती नस. मनगट वाकवून चिमटीने दिवसभर बोंडं ओढली की ही सूज वाढते. डायबेटिस, थायरॉइडची कमतरता, संधिवात आणि गरोदरपण यांत हा त्रास जास्त दिसतो. गरोदरपणातला बहुधा बाळंतपणानंतर जातो, तिथे घाई करू नये.

ताकदीचा फरकही सांगते. खाटेवरून उठताना हाताने रेटा देता येत नसेल, म्हणजे दंडाच्या मागचा स्नायू कमजोर असेल, तर सी-७ मुळाचा संशय घ्या. अंगठा तळहातापासून सरळ वर, छताकडे उचलता येत नसेल तर मिडियनचा. दोन्ही ठिकाणी एकाच वेळी दबलेलं असणंही शक्य आहे. अशा माणसाला आधी मनगटाचा इलाज करून बघावा असं माझं मत आहे, कारण तो छोटा आणि कमी धोक्याचा आहे.

करंगळी बधीर असेल तर

करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू म्हणजे अल्नर नस. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी वीज जाते ती हीच. कोपराच्या आतल्या हाडामागे ती अगदी कातडीखाली आहे. ट्रकच्या खिडकीवर कोपर टेकवून तासन्‌तास गाडी चालवणारे, कोपर दुमडून झोपणारे, यांना हा त्रास होतो. मानेतलं सी-८ मूळही करंगळीलाच जातं. पण तेव्हा कोपराखालचा हाताचा आतला भागही बधीर वाटतो, आणि अल्नरमध्ये बधिरपणा मनगटाच्या आसपास थांबतो. अंगठा आणि तर्जनीत कागद पकडून दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवायला अंगठ्याचं टोक वाकवावं लागत असेल तर अल्नर कमजोर झाली आहे.

इथे थांबून एक गोष्ट नीट सांगायची आहे. करंगळी बधीर आहे आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे, चट्ट्यावर स्पर्श कळत नाही, तर पहिली तपासणी कुष्ठरोगाची. कुष्ठरोगात सर्वांत जास्त मार खाणाऱ्या नसांपैकी कोपराजवळची अल्नर एक आहे; ती दोरीसारखी जाड झालेली बोटाला लागते. हे नाव ऐकताच घरात लोक गप्प होतात, दार लावून बोलतात. त्या गप्प बसण्यातच हात वाकडा होतो. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात त्या माणसाकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका संपतो. नसेची ताकद नुकती गेली असेल तर वेळेवर दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती परत येऊ शकते. सहा महिने उलटले की आशा कमी होत जाते. म्हणून करंगळीच्या पेशंटला मी बाही वर करायला लावते, पाठ बघते, मग पुढचं बोलते.

दोन्ही हात सारखेच बधीर आणि त्याआधी पाय बधीर झाले असतील, तर नस दबल्याची शंका मागे ठेवून साखर आणि बी-१२ तपासा.

बाकीच्या तीन नसा

रेडियल नस दंडाच्या हाडाला वळसा घालून जाते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलं की सकाळी मनगट लोंबतं. घरचे लकवा समजून घाबरतात. फक्त दाबाने झालेलं हे बहुधा काही आठवड्यांत भरून येतं. तोवर मनगटाला आधार द्यायचा. पण सोबत तोंड वाकडं, बोलणं अडखळत किंवा पाय कमजोर असेल तर तो खरा लकवा आहे, तसंच दवाखान्यात पळा. खांदा निखळल्यावर अ‍ॅक्सिलरी नस दुखावते: हात बाजूला उचलत नाही, खांद्याच्या बाहेरच्या भागावर एक चकती बधीर होते. पाचवी, बेटकुळीची मस्क्युलोक्युटेनियस, एकटी क्वचितच बिघडते.

कोणती तपासणी आधी

मान की मनगट अशी शंका असेल तर माझं मत एनसीव्हीकडे, म्हणजे नसेला हलका करंट देऊन वेग मोजणाऱ्या तपासणीकडे. एमआरआय रचना दाखवतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या मानेतही झिजलेली, फुगलेली डिस्क दिसते. म्हणून रिपोर्टमधला 'गॅप' तुमच्या मुंग्यांचं कारण असेलच असं नाही. एनसीव्ही नस कुठे मंदावली ते सांगते. अगदी सुरुवातीच्या मनगटाच्या त्रासात मात्र ती चांगली येऊ शकते. तेव्हा बोटांचा नकाशा आणि रात्रीची कहाणी रिपोर्टपेक्षा वजनदार धरावी.

एमआरआय आधी आणि ताबडतोब करायचा तो यांनी: चालताना पाय अडखळतात, दोन्ही हातांनी गुंड्या लावता येत नाहीत, लघवीवरचा ताबा सुटतोय. त्यात मज्जारज्जूच दबलेला असू शकतो. आणि डाव्या हाताच्या कळेसोबत छातीत दडपण आणि घाम असेल तर ही चर्चा सोडून हृदयाचा दवाखाना गाठा.

पट्टी, सुई की ऑपरेशन

मानेच्या मुळाचा त्रास बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतो. गळ्याचा पट्टा फार तर दोन-तीन आठवडे. महिनोन्‌महिने लावला की मानेचे स्नायू दुबळे होतात. ताकद भराभर जात असेल तरच शस्त्रक्रियेचा विषय लवकर काढावा.

मनगटाला पहिला इलाज रात्रीची पट्टी, मनगट सरळ ठेवणारी, सहा आठवडे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पट्टीतली पत्र्याची पट्टी बहुधा वर वाकवलेली असते. ती काढून सरळ करा, नाहीतर उपयोग अर्धा होतो. नुसतं क्रेप बँडेज गुंडाळून काही होत नाही. पट्टीने भागलं नाही तर स्टेरॉइडची सुई. आराम लवकर मिळतो, पण बऱ्याच जणांचा त्रास काही महिन्यांनी परत येतो. डायबेटिस असेल तर सुईनंतर काही दिवस साखर चढते, तिच्यावर लक्ष ठेवायचं. ऐन वेचणीत कुणाला हंगाम निभावून न्यायचा असेल आणि ताकद शाबूत असेल, तर सुई मला योग्य वाटते.

अंगठ्याखालचं मांस उतरू लागलं असेल किंवा बोटं दिवसरात्र बधीर असतील, तर सुई नको आणि संक्रांतीची वाटही नको. ऑपरेशन छोटं आहे: हात बधिर करून बोगद्यावरचा पट्टा कापतात, त्याच दिवशी घरी. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात. तळहाताचं दुखणं आणि पकडीची कमजोरी दोन-तीन महिने राहते, तेवढा काळ पाण्याच्या बादल्या दुसऱ्या कुणी उचलायची सोय आधी करून ठेवा. दुर्बिणीने केलं तर कामावर थोडं लवकर जाता येतं, पुढे जाऊन निकाल सारखाच.

कोपराच्या अल्नरला आधी सवयी बदला. रात्री कोपराभोवती टॉवेल सैल गुंडाळून झोपा, म्हणजे तो दुमडत नाही. तिथलं ऑपरेशन मनगटाइतकं भरवशाचं नाही, म्हणून थोडं थांबून बघायला हरकत नाही; पण बोटांमधल्या खाचा खोल दिसू लागल्या तर थांबू नका.

सर्वांत कमी वेळ मोटारसायकलवरून पडलेल्या पोरांकडे असतो. सुरत-नागपूर रस्त्यावर पडून खांदा आणि मान विरुद्ध दिशांना ताणली गेली की प्लेक्ससची मुळंच तुटू शकतात आणि हात लुळा लोंबतो. "येईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवलेली मुलं मी पाहिली आहेत. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, आणि स्नायू नसेशिवाय वर्ष-दीड वर्षापेक्षा जास्त तग धरत नाही. खांद्यापासून बोटांपर्यंतचं अंतर मोजा म्हणजे हिशोब कळेल. असा हात तीन महिन्यांत हलला नाही तर नसांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनने तो पाहिलेला असायलाच हवा. धुळे आणि जळगाव इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत जाऊन पुढे कुठे पाठवतात ते पहिल्या महिन्यातच विचारून घ्या.

मावशीचं ऑपरेशन त्या वर्षीच्या वेचणीनंतर झालं. पहिल्याच रात्री ती सलग झोपली. बोटांचा बधिरपणा जायला पाच-सहा महिने लागले. अंगठ्याचं मांस परत आलं नाही. सुईत दोरा ओवायला ती अजून नातीला हाक मारते.