हाडाची स्लाइड: घासून की आम्लात मऊ करून?

मिरज-सांगलीत हिस्टॉलॉजी (ऊतींचा सूक्ष्मदर्शकाखालचा अभ्यास) शिकणाऱ्यांचा नेहमीचा पेच. खर्चाच्या बाजूनं घासणं उजवं: कोरड्या हाडाची करवतीनं पातळ चकती काढा, ओल्या पॉलिशपेपरवर ५० मायक्रॉनच्या आसपास येईपर्यंत घासा. मेहनत मात्र मनगटाची, आणि शेवटी तुकडा मोडतोच. तुकडा काचेवर चिकटवायचा बाल्सम (पारदर्शक राळ) घट्टच हवा; पातळ असला की पोकळ्यांत शिरतो, आतली हवा जाते आणि काळ्या दिसणाऱ्या लॅक्युना (पेशींच्या पोकळ्या) नि त्यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या, कॅनॅलिक्युली, पुसट होतात.

पेशी मात्र यात दिसत नाहीत. त्यासाठी हाड आधी फॉर्मॅलिनमध्ये टिकवायचं, मग आम्लात ठेवून त्यातलं कॅल्शियम काढायचं. ५ टक्के नायट्रिक आम्ल लहान तुकडा काही दिवसांत मऊ करतं, पण जास्त राहिलं की केंद्रकं हिमॅटॉक्सिलिनचा निळा रंग घेत नाहीत, सगळं गुलाबी. हाड मऊ झालं का हे सुई टोचून पाहणं हा वाईट उपाय, छिद्रं पडतात, एक्स-रे बरा. ईडीटीए (कॅल्शियम हळूहळू काढणारं रसायन) आठवडे खातं, पण रंग छान येतो. वर मायक्रोटोम (पातळ काप काढणारं यंत्र), पॅराफिन मेण लागतंच.

हॅवर्शियन वर्तुळं (रक्तवाहिनीच्या नळीभोवतीचे हाडाचे थर), कॅनॅलिक्युली पाहायच्या तर घासा. हाड बनवणाऱ्या पेशी ऑस्टिओब्लास्ट, हाड झिजवणाऱ्या बहुकेंद्रकी ऑस्टिओक्लास्ट हव्यात तर आम्ल. बायोप्सीचं निदान घाईचं नसेल तर ईडीटीएच.