पुण्यातल्या आमच्या सायकल क्लबच्या उन्हाळी राइड्स, एका मेंबरचा मनापासून रिव्ह्यू

खूप जणी विचारतात की एप्रिल-मेमधे चाळीसच्या आसपास पारा असताना तुम्ही सायकल कशी काय चालवता, वेड लागलंय का वगैरे, तर हा रिव्ह्यू मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितेय. क्लब कर्वेनगरच्या बाजूचा आहे. नाव टाकत नाही कारण नवीन मेंबर ओळखीतूनच घेतात आणि ते तसंच राहावं असं आमच्यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. पण अशा प्रकारचे ग्रुप पुण्यात भरपूर आहेत, त्यामुळे यातला बहुतेक भाग तुम्हाला तुमच्या जवळचा ग्रुप निवडताना उपयोगी पडेल.

माझ्या मते सायकल क्लब चांगला की वाईट हे एकाच गोष्टीवरून ठरतं, सगळ्यात मागे पडलेल्या माणसाचं ते काय करतात. पुढे पळणारे सगळीकडेच असतात, भारी कार्बनच्या सायकली, स्ट्राव्हा ॲपवर रस्त्याच्या ठरावीक तुकड्याच्या वेळेची चुरस, सगळं असतं. पण घाटात एखादी नवीन मुलगी धापा टाकत मागे राहिली आणि ग्रुप वर जाऊन फोटो काढून नाश्त्याला बसला, की ती परत येत नाही. मी स्वतः आधी एका दुसऱ्या ग्रुपमधे हे बघितलंय. इथे तसं होत नाही आणि उन्हाळ्यात तर अजिबातच होत नाही.

आधी टायमिंग सांगते कारण उन्हाळ्यात अर्धी लढाई तीच आहे. रविवारी पहाटे सव्वापाचला राजाराम पुलापाशी जमायचं, दहा मिनिटांत निघायचं. मेमधे पुण्यात सहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे पहिला अर्धा-पाऊण तास अंधार-उजेडाचा असतो, त्यामुळे पुढे पांढरा आणि मागे लाल लाइट कंपल्सरी, हेल्मेट तर आहेच. हेल्मेट नाही तर राइड नाही, मग तो जुना मेंबर असो की कोणाचा पाहुणा. एकदा क्लबच्या सगळ्यात सीनियर मेंबरलाच घरी परत पाठवलं होतं आणि ते काही न बोलता गेले, मला ते फार आवडलं. निघायच्या आधी दोन मिनिटं ब्रीफिंग, आज कुठे जातोय, कुठे कुठे थांबून सगळे एकत्र येणार, लीड म्हणजे पुढे राहून ग्रुप नेणारा कोण, स्वीप म्हणजे सगळ्यात मागे राहणारा कोण, आणि प्रत्येकाकडे दोन बाटल्या आहेत ना. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत इलेक्ट्रॉल नाहीतर मीठ-साखर-लिंबू. ज्याच्याकडे एकच बाटली असेल त्याला कोणीतरी आपली जास्तीची देतं, बोलणी मिळत नाहीत.

रूट्स उन्हाप्रमाणे ठरवतात ही मोठी जमेची बाजू. एप्रिलच्या सुरुवातीला सासवडचा लूप असतो, कोंढव्यातून येवलेवाडी, बोपदेव घाट चढून बोपगाव, तिथे कानिफनाथाच्या डोंगराकडे बघत जरा श्वास घ्यायचा, मग सासवड आणि येताना दिवे घाट उतरून हडपसर. दिवे घाटातून खाली वडकीचा मस्तानी तलाव दिसतो, उन्हाळ्यात पाणी पार खाली गेलेलं असतं. हा लूप मेमधे घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे, कारण परत येताना त्या बाजूला ऊन थेट अंगावर येतं, सावलीला झाड शोधावं लागतं आणि रस्त्यावर ट्रक-डंपरची वर्दळ असते ती वेगळीच. मेमधे मग पानशेतचा रस्ता, खडकवासला, डोणजे, खानापूर असा धरणाच्या कडेकडेने. झाडं आहेत, पाण्यावरून वारा येतो आणि चढ-उतार असले तरी कोणाचा जीव जात नाही. नवीन माणसं पूर्ण पानशेतपर्यंत जात नाहीत, खानापूरला थांबून परत फिरतात आणि त्यांच्याबरोबर परतायला एक अनुभवी माणूस आधीच नेमलेला असतो. सिंहगड फक्त मार्च संपेपर्यंत, आणि शक्यतो शनिवारी, कारण रविवारी सकाळी त्या रस्त्यावर गाड्यांची जी रांग लागते त्यात सायकल घालणं म्हणजे धुरात घुसमटणं.

पानशेतच्या रस्त्याची एक आठवण लिहायलाच पाहिजे. आमच्यात एक आजोबा आहेत, नारायण पेठेत लहानाचे मोठे झालेले, आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत पण खडकवासल्यापर्यंत येतात, हळू येतात पण येतात. एकदा धरणापाशी सगळे थांबलो असताना त्यांनी १२ जुलै १९६१ चं सांगायला सुरुवात केली. पानशेत धरणाचं बांधकाम पुरतं झालेलंही नव्हतं, ते फुटलं आणि तो सगळा लोंढा खडकवासल्यावर आला, मग खडकवासलाही टिकला नाही आणि पाणी शहरात नदीकाठच्या पेठांमधे शिरलं. ते तेव्हा शाळेत होते. घरातलं धान्य, गाद्या, वह्या-पुस्तकं सगळं चिखलात गेलं आणि नंतर कितीतरी दिवस आई भिंतीवरचा गाळ खरवडत होती, हे ते इतकं साधं सांगत होते की विशी-पंचविशीतली पोरं, जी एरवी थांबल्या थांबल्या मोबाईल काढतात, ती सुद्धा गप्प ऐकत उभी राहिली. पुण्यात नोकरीला आलेल्या मुलांना हे माहीतच नसतं. अशी माणसं ग्रुपमधे आहेत म्हणून मला हा ग्रुप जास्त जवळचा वाटतो.

आता स्वीपबद्दल. सगळ्यात मागे राहणारा अनुभवी मेंबर म्हणजे स्वीप, त्याने कोणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही, कितीही हळू असो. आमच्याकडे ही ड्युटी फिरती आहे आणि फास्ट लोकांनाही ती घ्यावीच लागते. मागच्या एप्रिलमधे बोपदेवला स्वीप एक काकू होत्या, बँकेतून रिटायर झालेल्या, साठीच्या पुढच्या. हिंजवडीत आयटीत असलेला एक नवीन मुलगा येवलेवाडीपासूनच जोरात निघाला, सगळ्यांच्या पुढे, आणि घाटाच्या मध्यावर गचकन थांबला. मी काकूंच्या जरा पुढेच होते म्हणून सगळं बघितलं. चेहरा पांढरा पडलेला, बोलणं अडखळत होतं. काकूंनी सायकल आडवी टाकली, त्याला रस्त्याच्या आतल्या बाजूला कठड्याच्या सावलीत बसवलं आणि विचारलं, "थंडी वाजतेय का रे तुला?" तो म्हणाला, "हो काकू, अंगावर काटा आलाय." काकू म्हणाल्या, "मग आता उठायचं नाही. अजिबात नाही." उन्हात घामाघूम असताना अंगावर काटा येणं, हुडहुडी भरणं ही शरीर तापल्याची खूण आहे हे मला तेव्हा कळलं. त्यांनी गळ्यातला पंचा बाटलीतल्या पाण्याने ओला केला, त्याच्या मानेवर ठेवला, काखेत पाणी मारलं, हेल्मेट-बूट काढले आणि इलेक्ट्रॉलचं पाणी घोट घोट द्यायला लागल्या, एकदम नाही. तोपर्यंत मी लीडला फोन केला. लीड वर पोचलेला होता, तो ग्रुप दुसऱ्याकडे देऊन स्वतः खाली आला. अर्ध्या तासाने मुलाला बरं वाटलं, नीट बोलायला लागला, तरी त्याला सायकलवर बसू दिलं नाही, टेम्पो थांबवून सायकल आणि तो दोघं खाली, आणि एक मेंबर त्याच्याबरोबर थेट डॉक्टरकडे. कोणी त्याला हिणवलं नाही, ग्रुपवर मीम टाकला नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी फोन करून पुढच्या रविवारच्या छोट्या राइडला बोलावलं आणि तो आला. आता तो स्वतः स्वीप करतो.

राइडइतकंच बाकीचं सोशल पण सांगते, कारण बायका-मुलं-म्हातारी माणसं त्याच्यामुळे जोडली गेलीयत. चैत्रात एका मेंबरच्या गच्चीवर पन्हं आणि कैरीची डाळ असते, चैत्रगौरीचं हळदीकुंकू आणि सायकलवाल्यांचं गेट-टुगेदर एकाच संध्याकाळी उरकतं. मेच्या शेवटी आमरसाचं जेवण, सासवडकडे एका मेंबरचं शेत आहे, तिथे आंब्याच्या झाडाखाली सतरंज्या टाकून. सायकल चालवू शकणारे पहाटे सायकलने, बाकीचे गाडीने मागून येतात. प्रत्येकाने घरून काहीतरी आणायचं, कोणी पुऱ्या, कोणी बटाट्याची भाजी, कुरडया, पापड, ताकाचा मोठा कॅन. रस तिथेच काढतात, पायरीचा, हापूस कापून खायला वेगळा. पाटीभर पायरी आधी रात्रभर पाण्यात टाकलेले असतात आणि मग चार-पाच जणी आणि दोन-तीन पुरुष मिळून पिळायला बसतात, त्यात जो सराईत आहे तो आंबा आधी हाताने सगळ्या बाजूंनी मऊ करून घेतो, देठाकडचा चीक काढून टाकतो आणि मग एका दाबात कोय बाहेर. माझ्या मुलीला पिळायला तिथे शिकवलं एका सत्तरीतल्या काकांनी, घरी ती आंब्याला हात लावत नव्हती. जेवण झालं की झाडाखाली पत्ते आणि झोप, चार-साडेचारला ऊन उतरलं की निघायचं. सायकलने परत जायचा आग्रह नसतो, टेम्पो सांगितलेला असतो आणि बऱ्याच सायकली त्यात जातात.

पंक्चर शिकवण्याचा वर्ग पण उन्हाळ्यातच असतो, संध्याकाळी पार्किंगमधे. हा मला सगळ्यात उपयोगी वाटला. ट्यूब काढणं, पाण्यात धरून बुडबुडे बघणं, पॉलिश पेपरने घासणं, सोल्युशन लावून थोडं वाळू देणं आणि मग पॅच दाबणं हे व्हिडिओत पण दिसतं. पण आमचे दादा जे शिकवतात ते वेगळं, नवीन ट्यूब घालायच्या आधी टायर आतून फडक्याने चाचपायचा, कारण बाभळीचा काटा टायरमधेच राहिलेला असतो आणि काढला नाही तर पाचच मिनिटांत दुसरं पंक्चर. त्यांनी एक जुना टायर ठेवलाय, त्यात काटा मुद्दाम रुतवलेला, बाहेरून काही दिसत नाही, प्रत्येकाने तो शोधून पकडीने काढायचा. माझ्या शेजारच्या कॉलेजच्या मुलीला तो सापडला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याच वर्गात सांगतात की फुगवलेली सायकल कडक उन्हात गाडीच्या काचेमागे बंद ठेवू नका, ट्यूब फुटू शकते.

आता जे खटकतं ते पण लिहिते. एक म्हणजे नाश्ता. नऊच्या आत घरी असा नियम आहे आणि सासवडला मिसळ समोर आली की तो विसरला जातो. गप्पा, मग दुसरा चहा, मग कोणाला तरी अंजीर घ्यायचे असतात (पुरंदरचे अंजीर चांगले असतात हे मान्य), आणि दिवे घाट उतरेपर्यंत दहा वाजून जातात. पहाटे उठून कमावलेला गारवा तिथे वाया जातो. मीटिंगमधे मी हे दोनदा मांडलंय, नाश्ता शहराजवळ परत आल्यावर ठेवा म्हणून, अजून ठरत नाहीये. दुसरं, बिल सगळ्यांत सारखं वाटतात, ज्याने फक्त ताक घेतलं त्यानेही मिसळ-पाव-भजीचे पैसे द्यायचे. मोठ्यांना फरक पडत नाही पण ग्रुपमधे विद्यार्थी आहेत, ते बोलत नाहीत, हळूहळू यायचे बंद होतात. तिसरं व्हॉट्सॅप, राइडची सूचना गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडली जाते, वेगळा फक्त-सूचनांचा ग्रुप करा हे कितीदा सांगून झालं.

बायकांसाठी एक गोष्ट मात्र त्यांनी फार चांगली केलीय. लांबच्या रूटवर स्वच्छ बाथरूम कुठे आहे हे कोणी सांगत नाही आणि त्यामुळे कितीतरी जणी पाणीच पीत नाहीत, उन्हाळ्यात हे सरळ धोक्याचं. आमच्या दोन मेंबर जणींनी प्रत्येक रूटवरची हॉटेलं आणि पेट्रोल पंप स्वतः जाऊन बघितले आणि थांबायच्या जागा त्याप्रमाणे बदलायला लावल्या. आता ब्रीफिंगमधे तेही उघडपणे सांगतात, पुरुष लीड असला तरी. यासाठी मी या क्लबला पैकीच्या पैकी देईन, नाश्त्यामुळे अर्धा स्टार कापून एकूण पाचपैकी साडेचार.

ज्यांना बीआरएम वगैरे करायचंय, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायची राइड, जसं २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, त्यांच्यासाठी वेगळी तयारी करणारी पाच-सहा जणं ग्रुपमधे आहेत, ती आपापली पहाटे चारलाच निघतात, बाकीच्यांवर त्याचं प्रेशर नसतं. नवीन यायचं असेल तर पहिली राइड खडकवासल्याचीच करा, सपाट आहे, साधी गिअर नसलेली सायकल पण चालते. आदल्या दिवशी हवा आणि ब्रेक बघून घ्या, अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला, निघायच्या आधी केळं खा, आणि आल्या आल्या स्वीप कोण आहे ते विचारून त्यांना तुमचं नाव सांगा.