कार्यालयातील ताणतणाव तपासणी : प्रश्नावली नेटकी, गोपनीयता ढिसाळ

आजारपणाच्या रजा वाढल्यामुळे महापे येथील आमच्या कंपनीने एका खासगी संस्थेकडून कर्मचाऱ्यांची ताणतणाव तपासणी करून घेतली. प्रश्नावली शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीची १० प्रश्नांची आवृत्ती होती. तिच्यात गेल्या महिनाभराच्या अनुभवांना प्रत्येकी ० ते ४ गुण द्यायचे असतात आणि चार सकारात्मक प्रश्नांचे गुण उलटे मोजले जातात. मराठी भाषांतर सुबोध होते. गुण जास्त आले म्हणजे आजाराचे निदान झाले असे नव्हे, हेही समुपदेशिकेने आरंभीच सांगितले, ते मला विशेष आवडले.

मात्र अर्जाच्या माथ्यावर कर्मचारी क्रमांकाचा रकाना होता आणि अर्ज गोळा करायला खुद्द मनुष्यबळ विभागाचे अधिकारी फिरत होते. अशा वेळी कोण खरे उत्तर लिहील? अहवालात विभागवार सरासरी दिली, पण ज्या विभागात तीनच माणसे आहेत तिथे सरासरीने काय झाकले जाणार? शिवाय ही श्रेणी ताण किती ते सांगते, कशामुळे ते नाही. आदल्या संध्याकाळी बदलणारी पाळी किंवा रिकामी राहिलेली पदे यांविषयी एकही प्रश्न जोडला नव्हता. कंत्राटी कामगारांना तर वगळलेच होते.

पुढील समुपदेशन फक्त कार्यालयीन वेळेत मिळते. निदान टेली-मानस या चोवीस तास चालणाऱ्या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक अहवालासोबत द्यायला हवा होता. कर्मचारी क्रमांकाचा रकाना काढल्याशिवाय ही सेवा पुन्हा घेऊ नये, असे मी व्यवस्थापनाला लेखी कळवले आहे.