एफ ८ च्या पुढे जाऊ नका

माझ्या लॅपटॉपवर जानेवारी ते सप्टेंबर २०२३ या काळातले सुमारे नऊ हजार फोटो आहेत. त्यांतल्या बहुतेक पक्ष्यांचे डोळे अस्पष्ट आहेत, आणि त्यासाठी मी नऊ महिने स्वतःलाच दोष देत राहिले. तो दोष माझा नव्हता, हे मला फार उशिरा कळले. नव्याने कॅमेरा शिकणाऱ्यांवर ही वेळ येऊ नये, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्यात एका पतसंस्थेत हिशेब पाहते. पक्ष्यांचे फोटो काढण्याची आवड जुनी, पण कॅमेरा ऑटो मोडच्या पलीकडे कधी वापरला नव्हता. मॅन्युअल मोड नीट शिकावा म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये शनिवार-रविवारच्या एका वर्गात नाव घातले. बारा हजार रुपये शुल्क, आठ वर्ग आणि भिगवणची एक सहल, असे ठरले होते. शिकवणारे गृहस्थ मृदुभाषी होते, प्रत्येकाला नावाने हाक मारत आणि घरच्यांची चौकशी करत. दुसऱ्याच वर्गात त्यांनी माझा निकॉन डी ३३०० हातात घेतला, दोन-तीनदा चाळवून पाहिला आणि म्हणाले, "ताई, तुमची नजर चांगली आहे, पण हे खेळणं तुम्हाला पुढं नेणार नाही." त्यानंतर आठवडाभराने त्यांनी स्वतःहून सांगितले की त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांना निकॉन डी ७२०० ची बॉडी आणि ७०-३०० ची (लांबचे जवळ दाखवणारी) लेन्स विकायची आहे, कॅमेरा जेमतेम आठ हजार क्लिक चाललेला आहे आणि आपल्या विद्यार्थिनीला तो बेचाळीस हजारांत मिळवून देता येईल.

क्लिकच्या आकड्याला महत्त्व का, हे आधी सांगते. डीएसएलआर कॅमेऱ्यातील शटर हा यांत्रिक भाग असतो आणि प्रत्येक फोटोबरोबर तो झिजतो. डी ७२०० च्या शटरची चाचणी कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत केलेली आहे. त्यामुळे आठ हजार क्लिक म्हणजे जवळजवळ नवाच कॅमेरा, असे कोणालाही वाटेल. पुरावा म्हणून त्यांनी माझ्यासमोर एक फोटो काढला आणि पडद्यावरचे फाइलचे नाव दाखवले. त्यात डीएससी या अक्षरांपुढे ८२१४ हा आकडा होता. तो आकडा म्हणजे क्लिकची मोजणी नव्हे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. फाइलचा क्रमांक ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा एकपासून सुरू होतो. शिवाय मेन्यूत जाऊन तो पुन्हा सुरुवातीपासून लावता येतो. दीड लाख क्लिक झालेला कॅमेराही ८२१४ दाखवू शकतो. त्यांनी बिलाची एक छायाप्रतही दिली. मी ती फाइलला लावली, पण बिलावरचा क्रमांक बॉडीच्या तळाशी छापलेल्या क्रमांकाशी ताडून पाहिला नाही. दिवसभर कागदांवरचे आकडे जुळवणे हेच माझे काम आहे, आणि गुरूवर विश्वास ठेवून मी नेमके तेवढेच केले नाही, याची खंत मला अजून आहे. बत्तीस हजार यूपीआयने आणि दहा हजार रोख, असे पैसे मी त्यांच्याच हाती दिले. ते डॉक्टर मला कधीच भेटले नाहीत.

पुढचा भाग मला या सगळ्या प्रकारात सर्वांत गंभीर वाटतो. वर्गात ते काही नियम पुन्हा पुन्हा सांगत. एफ ८ च्या पुढे जाऊ नका (एफचा आकडा जितका मोठा, तितके लेन्समधले छिद्र लहान), कारण डिफ्रॅक्शनमुळे फोटो मऊ पडतो. फोटो शंभर टक्के मोठा करून बघू नका, त्याने मन खट्टू होते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून फोटो काढणे, वापरू नका, डोळा वरच्या खिडकीला, व्ह्यूफाइंडरलाच लावा, नाहीतर सवय मोबाइलचीच राहील. या तिन्ही नियमांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते खरे वाटतात. एफ १६, एफ २२ अशी छिद्रे लहान होत गेली की प्रकाश पसरतो आणि तीक्ष्णता कमी होते, हे खरेच आहे. पण सेन्सरवरचे, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावरचे, डाग आणि धूळ दिसतात तेही त्याच लहान छिद्रांवर. फोकस चुकल्याचे कळते ते फोटो मोठा करूनच. आणि व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना कॅमेरा आरशाखालचा वेगळा सेन्सर वापरतो, तर लाइव्ह व्ह्यूमध्ये मुख्य सेन्सरवरूनच फोकस ठरवतो, त्यामुळे दोन्हींच्या फोटोंत फरक पडला तर यंत्रणा बिघडलेली आहे हे लगेच उघड होते. त्यांनी विकलेल्या कॅमेऱ्यात जे दोष होते, ते दिसण्याची प्रत्येक वाट या नियमांनी बंद होत होती. हे त्यांनी जाणून केले की नाही, ते सिद्ध करता येणार नाही, परंतु मला त्याविषयी शंका उरलेली नाही.

जानेवारीत भिगवणला गेलो. कुंभारगावहून पहाटे होडीत बसलो. उजनीचे पाणी अगदी स्थिर होते आणि पन्नासेक फुटांवर चित्रबलाकांची रांग उथळ पाण्यात उभी होती. शटरचा वेग १/२००० सेकंद, अॅपर्चर म्हणजे छिद्र एफ ५.६, प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ८००, हे सगळे मी स्वतः ठरवले होते आणि ते बरोबरच होते. तरीही घरी आल्यावर पाहिले तर प्रत्येक फोटोत बलाकाचा डोळा मऊ आणि त्याच्या मागची लव्हाळ्याची पाती मात्र रेखीव. मी सरांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "हात हलतोय, ताई. श्वास रोखायला शिका. फोटो कॅमेरा काढत नाही, त्याच्या मागचा माणूस काढतो."

हात हलल्याने आलेला अस्पष्टपणा कसा असतो, हे ज्याला कळते त्याला असे सांगून फसवता येत नाही. हात हलला की संपूर्ण चित्र एकाच दिशेला फरफटते, त्यात कोणतीच गोष्ट रेखीव राहत नाही. विषय मऊ आणि त्याच्या मागची किंवा पुढची वस्तू स्वच्छ, असे असेल तर फोकस चुकलेला असतो. शिवाय लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा निदान तितकावा भाग इतका शटरचा वेग हवा, आणि ३०० मिलिमीटरच्या लेन्सला या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरचा दीडपट हिशेब धरला तरी साधारण १/४५० चा वेग हातात धरून पुरतो, असे त्यांनीच पहिल्या वर्गात शिकवले होते. १/२००० त्याहून चौपटीपेक्षा वेगवान होता. मी हे विचारलेही, पण त्यांच्या शांत हसण्यापुढे माझाच माझ्या प्रश्नावरचा विश्वास उडाला. मी आणखी सहा हजार रुपये भरून त्यांच्या पुढच्या वर्गात नाव घातले आणि घरी भिंतीला पाठ टेकून श्वास रोखण्याचा सराव करत राहिले.

सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर गेले तेव्हा हे उघडकीस आले. जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ लेन्स लावली होती, सोनकीची पिवळी फुले पायापासून क्षितिजापर्यंत पसरली होती आणि जवळचे-लांबचे सगळेच स्पष्ट यावे म्हणून मी प्रथमच नियम मोडून एफ १६ लावले. घरी येऊन पाहिले तर प्रत्येक फोटोच्या आकाशात, नेमक्या त्याच जागी, काळसर ठिपके होते.

दुसऱ्या दिवशी कॅमेरा बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्यांकडे नेला. त्यांनी ७०-३०० लेन्सची दोन्ही झाकणे काढली, ती खिडकीपासून दूर धरली आणि मागच्या बाजूने छोट्या विजेरीचा प्रकाश आत सोडून मला पुढून बघायला सांगितले. काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे तंतू पसरलेले होते. "बुरशी आहे, ताई," ते म्हणाले. "आणि ही एका पावसाळ्याची नाही, कोटिंग खाल्लंय तिनं." मग त्यांनी ट्रायपॉडवर कॅमेरा लावला, समोर वर्तमानपत्र तिरके ठेवले, एका ओळीवर व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पाच फोटो काढले आणि त्याच ओळीवर लाइव्ह व्ह्यूमधून पाच. पहिल्या पाचांत दरवेळी त्या ओळीच्या मागच्या ओळी वाचता येत होत्या आणि दुसऱ्या पाचांत तीच ओळ. बॉडी कधीतरी पडली असावी आणि आतल्या आरशाची बैठक हलली असावी, असे त्यांचे मत पडले.

त्यांच्याच सांगण्यावरून घरी एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले. निकॉनच्या कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या फाइलमध्ये शटर काउंट नोंदलेला असतो आणि हे सॉफ्टवेअर तो दाखवते. मी डिसेंबरमध्ये कॅमेरा हाती आला त्या पहिल्या दिवसाची, घराच्या गॅलरीतल्या तुळशीच्या फोटोची फाइल उघडली. आकडा होता १,४१,९०६. त्या रात्री प्रथमच बिल काढून क्रमांक ताडला. शेवटचे चारही अंक वेगळे होते. पुढे वर्गातल्या आणखी एका ताईंकडे चौकशी केली, तर त्यांना विकलेल्या कॅमेऱ्याबरोबरही त्याच बिलाची छायाप्रत दिलेली निघाली.

विचारणा केल्यावर सरांचे पहिले उत्तर असे की बुरशी माझ्याच घरी पावसाळ्यात लागली. बुरशीबाबत वाद होऊ शकतो, हे मान्य आहे. पण पहिल्या दिवसाच्या फाइलमधला आकडा पावसाळ्यात वाढत नाही, असे मी लिहून कळवले. त्यानंतर पाच हजार परत देण्याची तयारी त्यांनी दाखवली, अट अशी की याविषयी कोठे काही बोलायचे नाही. मी नकार दिला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला वर्गाच्या व्हॉट्सॅप गटातून काढून टाकले. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ही तक्रार घटनेपासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते. यूपीआयची नोंद, "फक्त आठ हजार क्लिक" असे लिहिलेला त्यांचा संदेश आणि मूळ फाइल हेच माझे पुरावे आहेत. रोख दिलेल्या दहा हजारांचा मात्र कोणताही कागद नाही.

वापरलेला कॅमेरा घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की फाइल व्हॉट्सॅपवर मागवू नका, कारण तेथे फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधली ही सर्व माहिती गळून पडते. स्वतःचे कार्ड घेऊन जा, त्यात फोटो काढा आणि ते घरी आणून तपासा. कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत हा आकडा फाइलमध्ये नसतो, तेथे दुरुस्तीवाल्याकडूनच तपासून घ्या. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा एक फोटो एफ १६ वर काढा, विजेरी बरोबर ठेवा आणि तिरक्या वर्तमानपत्राची चाचणी विकणाऱ्याच्या समोरच करा. या सगळ्याला अर्धा तास पुरतो. ज्याला हा अर्धा तास द्यायचा नसेल, त्याच्याकडून घेऊ नका, मग तो तुमचा शिक्षक का असेना.

डी ३३०० मी तेव्हा भाच्याला देऊन टाकला होता. गेल्या महिन्यात तो त्याच्याकडून मागून आणला, मैत्रिणीची ७०-३०० लेन्स लावली आणि पाषाण तलावावर गेले. काठावर राखी बगळा उभा होता. शटर १/२०००, एफ ५.६, आयएसओ ८००, भिगवणला ठेवले होते तेच. श्वास मुद्दाम रोखला नाही. घरी येऊन फोटो शंभर टक्के मोठा केला, तर पिवळ्या डोळ्याभोवतीची बारीक काळी कडासुद्धा वेगळी दिसत होती.