हॉलमधली १५ झाडं, १४ महिन्यांनंतर

आधी हिशेब सांगते. गेल्या वर्षीच्या जूनपासून या ऑगस्टपर्यंत घरात ठेवायची १५ झाडं विकत घेतली. त्यातली ८ आज घरात आहेत आणि बरी आहेत. एक मैत्रिणीच्या ऑफिसात नांदतंय. सहा मेली. झाडांना सगळे मिळून जेमतेम चार हजार गेले आणि कुंड्या-स्टँडना ७,२००. झाडं घ्यायला निघताना हा दुसरा आकडा डोक्यात नसतो.

घर हडपसरला, तिसऱ्या मजल्यावर. हॉलला पूर्वेची एक मोठी खिडकी, समोर चाळीसेक फुटांवर दुसरी बिल्डिंग. रंगकाम झालं, नवा सोफा आला आणि कोपरे भकास वाटायला लागले. फोनवर दिवसभर तेच फोटो यायचे: पांढरी भिंत, करडा सोफा, शेजारी माणसाच्या उंचीचं झाड. शेवटी एका रविवारी गाडी काढून सोलापूर रस्त्यानं सोरतापवाडीला गेलो. उरुळी कांचनच्या थोडं अलीकडे हे गाव लागतं आणि तिथे नर्सऱ्यांना तोटा नाही. मी कोपऱ्यांची यादी घेऊनच गेले होते. टीव्हीशेजारी उंच काहीतरी, सोफ्यामागे झुपकेदार, चपलांच्या कपाटावर छोटं. कपड्यांच्या दुकानात पडद्याचं माप सांगावं तसं मी त्या नर्सरीवाल्या दादांना सांगत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ऊन कुठून येतं ताई?" मी म्हटलं, "हॉल चांगला उजेडाचा आहे." ते गप्प बसले. तिथेच चुकलं.

दोन स्नेक प्लांट (एक उंच, एक बुटकं), झीझी, अरेका पाम, दोन पीस लिली, रबर प्लांट, अ‍ॅग्लोनिमा, स्पायडर प्लांट, कॅलेथिया आणि ८५० रुपयांचं फिडल लीफ फिग. अकरा झाडांचे ३,३५० झाले. त्यातलं फिडल लीफ म्हणजे फोटोतलं तेच झाड, पानं सतारीच्या भोपळ्यासारखी. ते टीव्हीशेजारी विराजमान झालं. पहिल्या आठवड्यात घर खरंच मासिकातल्यासारखं दिसत होतं, खोटं कशाला बोलू. तिसऱ्या आठवड्यात खालचं पहिलं पान गळलं, दिवाळीपर्यंत काठी उरली.

त्या काठीनं मला लक्स, म्हणजे उजेड मोजायचं माप, शिकवलं. फोनमध्ये उजेड मोजायचं एक फुकट अ‍ॅप घेतलं आणि सकाळी अकराला घरभर फिरले. खिडकीला चिकटून २,२०० लक्स. सोफ्यापाशी, म्हणजे सहा फूट आत, १८०. टीव्हीशेजारी ६०. फोनचं माप काही प्रयोगशाळेतलं नव्हे, पण फरक बघा. भर उन्हात बाहेर हा आकडा लाखाच्या घरात जातो. आपला डोळा अंधाराशी इतका पटकन जुळवून घेतो की ६० आणि २,२०० यातला फरक आपल्याला 'जरा कमी उजेड' एवढाच वाटतो. झाडाच्या दृष्टीनं ती उपासमार आहे. त्यातून नर्सरीत ही झाडं हिरव्या जाळीखाली, दमट हवेत, एकमेकांना खेटून वाढलेली असतात. जाळीखालचा उजेडसुद्धा आमच्या टीव्हीजवळच्या उजेडाच्या कितीतरी पट असतो. तिथून उचलून थेट टीव्हीशेजारी ठेवलं तर ते पानं टाकणारच.

त्यामुळे माझा पहिला आणि खरं तर एकमेव सल्ला: भिंत बघून झाड घेऊ नका, खिडकी बघून घ्या. आम्ही शेवटी सोफाच हलवला. तो आतल्या भिंतीला गेला आणि खिडकीपासून तीन फुटांच्या आत रबर प्लांट, अरेका आणि स्पायडर एकत्र उभे राहिले. गंमत म्हणजे सजावट म्हणूनही हे जास्त चांगलं दिसतं. प्रत्येक कोपऱ्यात एकेक झाड म्हणजे लग्नाच्या हॉलवरचे पाहुणे, आपापल्या खुर्चीवर अवघडून बसलेले. उंच, मध्यम आणि लोंबणारं अशी तीन एकत्र ठेवली की घोळका जमतो. आतल्या कोपऱ्यांत आता फक्त स्नेक प्लांट आणि झीझी आहेत. तेही महिन्यातून आठवडाभर खिडकीशी माहेरपणाला येतात. झीझीच्या बुडाशी बटाट्यासारखे कंद असतात, पाणी त्यात साठतं, म्हणून ते विसरलं तरी चालतं. पण कमी उजेडात तग धरणं वेगळं आणि वाढणं वेगळं. चौदा महिन्यांत आमच्या झीझीला नवे कोंब आले दोन, आणि तेही खिडकीशी असताना.

आता पाणी. मेलेल्या सहांपैकी चार झाडं आम्ही पाणी पाजून मारली, तहानेनं एकही गेलं नाही. घरात पाणी घालणारे हात तीन. मी सकाळी घालायचे. नवरा ऑफिसातून आला की 'कोरडं दिसतंय' म्हणून घालायचा. आणि सासूबाई मधल्या वेळी तांदूळ धुतलेलं पाणी, उरलेली चहाची पूड, जे असेल ते. त्यांचं आयुष्य करमाळ्याकडे गेलेलं, दारातल्या जास्वंदीला हे सगळं चालायचं. बाहेर मातीला ऊन लागतं, वारा लागतो. हॉलमध्ये तीच माती चार-चार दिवस ओली राहते आणि पावसाळ्यात तर आठवडाभर. मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडून लोंबतात. लोंबलेलं पान बघून आपण आणखी पाणी घालतो. एक पीस लिली या प्रेमापोटी गेली. ऑनलाइन ३९९ ला मागवलेली तीन सक्युलंट (जाड पानांत पाणी साठवणारी झाडं) तर जुलैत एका आठवड्यात शिजल्यासारखी झाली. तीन हातांनी मिळून मारलेल्या या चार. पावसाळ्यात सक्युलंट मागवणारी मी, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही.

उपाय साधा निघाला. फ्रिजवर एक कागद, पाणी घातलं की तारीख आणि सही. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घालायचं, ओलं लागलं तर परत फिरायचं. सासूबाईंना सही करायला लावल्यावर त्या चार दिवस रुसल्या, मग सगळ्यात काटेकोर नोंदी त्यांच्याच. वाचलेली पीस लिली स्वतःच सांगते. तहान लागली की सगळी पानं माना टाकतात, पाणी दिलं की तीन-चार तासांत परत ताठ. मे महिन्यात बारा दिवस गावाला गेलो तेव्हा बाटलीतून कुंडीत सुताची जाड वात सोडून ठेवली होती. पीस लिलीच्या बाटलीतलं पाणी संपलं असावं, आल्यावर ती सपशेल आडवी. संध्याकाळपर्यंत उठून बसली. स्नेक प्लांटला आम्ही गेल्याचंही कळलं नव्हतं.

पाण्याचाच दुसरा भाग म्हणजे ते कसलं आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी. जड इतकं की बादलीवर पांढरा थर धरतो. तोच थर कुंडीतल्या मातीवर यायला लागला आणि अरेका, स्पायडरच्या पानांची टोकं तपकिरी झाली. कॅलेथिया दक्षिण अमेरिकेतल्या जंगलाच्या सावलीतलं झाड, त्याला दमट हवा लागते. आमचं बोअरचं पाणी आणि एप्रिलमधला एसी त्याला सोसलाच नाही, पानं पापडासारखी कुरकुरीत झाली. हे सहावं. या पावसाळ्यात मी सगळ्या कुंड्या एकेक करून बाल्कनीत पावसाखाली ठेवल्या, खालून पाणी वाहून जाईपर्यंत. माती धुतली गेली, अरेकाला आलेल्या नव्या पात्यांची टोकं अजून तरी हिरवी आहेत.

कुंड्यांबद्दल थोडी चिडचिड. सिरॅमिकच्या देखण्या कुंड्या घेतल्या, घरी येऊन उलट्या करून बघितल्या तर निम्म्यांना खाली भोकच नाही. त्यात माती भरून झाड लावणं म्हणजे विहिरीत लावणं. आता झाड साध्या प्लॅस्टिकच्या कुंडीत आणि ती देखण्या कुंडीत बसवलेली. पाणी घालायचं तर आतली उचलून मोरीत न्यायची, निथळली की परत. मातीही बदलली. नर्सरीतून आलेली लाल माती घरात दगड होते. माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत साधारण सारखं घेऊन मूठभर निंबोळी पेंड घातली की मिश्रण भुसभुशीत राहतं.

कोकोपीट सतत ओलं ठेवलं तर चिलटं होतात, हेही सांगायला हवं. संध्याकाळी चहाच्या कपावर घिरट्या घालायची. मातीचा वरचा थर वाळू दिला तसतशी कमी झाली. रबर प्लांटला फेब्रुवारीत पिठ्या ढेकूण लागला, देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके. ओल्या फडक्यानं पुसून कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी फवारायचं, आठवड्यातून एकदा, असं महिनाभर केलं. तेलाचा वास दोन दिवस हॉलमध्ये राहतो. पाहुणे यायचे असतील त्या आठवड्यात मारू नका.

पानांवरची धूळ हा एक अनपेक्षित उद्योग. आमच्याकडे बांधकामं चालू, रबर प्लांटची पानं आठ दिवसांत करडी होतात. पंधरा दिवसांनी पुसायची, म्हणजे अर्धा तास गेला. देखभाल नको म्हणून झाडं घेत असाल तर त्याच पैशात चित्रं लावा.

हवा शुद्ध होते का, हे सगळे विचारतात. विकणारे नासाचं नाव घेतात. नासाचा तो अहवाल १९८९ चा आणि प्रयोग बंद पेटीतले. घराला खिडक्या-दारं असतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. घरातली हवा एरवी आपोआप बदलत असते, त्यानं जेवढी शुद्ध होते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. आमचा हॉल १८० चौरस फूट, म्हणजे साधारण १७ चौरस मीटर. कमीत कमी धरली तरी १७० झाडं! आम्ही बसायचं कुठे? स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं हेही अर्धवट ऐकलेलं. रात्री ते पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, पण ऑक्सिजन उजेडातच तयार होतो. झाडं डोळ्यांना बरी वाटतात, मला तेवढं पुरतं.

लहान मूल येतं-जातं अशा घरात डिफेनबेकिया नको. मी एक २०० रुपयांना आणलं होतं. त्याच्या पानात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंड सुजतं, आग होते. दीड वर्षाची भाची पान धरून उभी दिसली आणि ते त्याच दिवशी घराबाहेर पडलं, मैत्रिणीच्या ऑफिसात गेलं. पीस लिलीतही हेच स्फटिक असतात, म्हणून ती उंच शेल्फवर गेली.

आणि मनी प्लांट. ते विकत घेतलेलं नाही, म्हणून हिशेबात नाही. चोरून आणलेलं चांगलं वाढतं म्हणतात. आमचं शेजारच्या काकूंनी स्वतः तोडून दिलं आणि वर म्हणाल्या, "मी बघितलंच नाही असं समज." स्वयंपाकघरात बाटलीत छान वाढलं. गेल्या सप्टेंबरात महापालिकेचे लोक डासांची तपासणी करायला आले, बॅटरी मारून बाटलीत बघितलं तर वळवळणाऱ्या अळ्या. मान खाली घालून ऐकून घेतलं. डेंग्यूच्या डासाला असंच स्वच्छ साठलेलं पाणी लागतं आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आता दर रविवारी बाटली रिकामी करून घासायची, कुंड्यांखालच्या ताटल्याही. त्या कामाची वेगळी सही.

सगळ्यात जास्त कौतुक ज्याचं होतं ते ना नर्सरीतून आलंय ना ऑनलाइन. सासूबाईंचं तांब्याचं घंगाळ माळ्यावर पडून होतं. मी त्यात अ‍ॅग्लोनिमा ठेवायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, अंघोळीच्या घंगाळात कुणी झाड लावतं का?" मी म्हटलं, "आई, लावत नाही, नुसतं ठेवते. माती तांब्याला लागणारसुद्धा नाही." आत उपडी वाटी, तिच्यावर प्लॅस्टिकची कुंडी, वर नारळाची किशी. गुलाबी कडांची हिरवी पानं आणि खाली काळपट तांबं. दोन दिवस त्या तिकडे बघेनात. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोलीतून बाहेर आले तर त्या चिंच आणि मीठ घेऊन घंगाळ घासत बसलेल्या, झाड शेजारी स्टुलावर. आता येणाऱ्या प्रत्येकाला ते घंगाळ कुणाच्या लग्नातलं हे ऐकावं लागतं, झाडाचं नाव कुणी विचारत नाही. सिरॅमिकच्या दोन कुंड्यांत सध्या कांदे आणि लसूण आहेत.

परत घेईन का? स्नेक, झीझी, अ‍ॅग्लोनिमा, रबर, हो. अरेका खिडकी असेल तरच. कॅलेथिया कधीच नाही. नवऱ्याच्या मनात मात्र अजून फिडल लीफ आहे, येत्या रविवारी सोरतापवाडीला जाऊ म्हणतोय. मी त्याच्या फोनमध्ये लक्सचं अ‍ॅप टाकून दिलंय आणि १,५०० च्या वर आकडा दाखवणारी, आधीच कुणी न बळकावलेली जागा शोधायला सांगितलीय. दोन दिवस झाले, तो घरभर फोन धरून फिरतोय.