स्टील गिटारसाठी जुना हायब्रीड अँप: बेळगावच्या विजेवर अकरा महिने

स्टील गिटारवर तार एकदाच छेडायची आणि मग डाव्या हातातला बार सरकवत तीन-चार स्वर त्याच आघातात काढायचे. पहिला स्वर ठणठणीत असतो, शेवटचा विरत आलेला असतो. मींड ऐकणाऱ्याचा जीव मात्र त्या शेवटच्या स्वरात अडकलेला असतो. माझ्या आधीच्या छोट्या ट्रान्झिस्टर अँपवर नेमका तोच हरवायचा. आवाज वाढवला की पहिला आघात फाटायचा, कमी केला की मींडेचं टोक मंडपातल्या गलक्यात बुडायचं. म्हणून अँप बदलायचं ठरवलं आणि गेल्या दिवाळीनंतर म्युझिक मॅनचा ‘सिक्स्टी-फाईव्ह’ हेड (स्पीकर वेगळा जोडायचा असतो असा अँप) घेतला. आज त्याला अकरा महिने झाले. एक अख्खा पावसाळा आणि एक गणेशोत्सव त्यात आला, म्हणून आता लिहिते आहे.

आधी माझं वाजवणं काय आहे ते सांगते, कारण अँपची निवड त्यावरच ठरते. बाबांची कलकत्त्याहून मागवलेली सहा तारांची इलेक्ट्रिक हवाईयन गिटार मी वाजवते. कार्यक्रम शहापूर, टिळकवाडी, खानापूर, निपाणी, कधी संकेश्वर. भावगीतं, अभंग आणि आमच्याकडे हमखास फर्माईश होते ती एखाद्या कन्नड भक्तिपदाची, वचनाची किंवा दासरपदाची. एकाच बैठकीत दोन्ही भाषांचे लोक असतात आणि कान दोघांचेही तयार. कुमार गंधर्वांचं जन्मगाव सुळेभावी इथून जवळच. या भागात सूर तुटलेला खपत नाही.

माझ्यासमोर तीन वाटा होत्या. पहिली, फेंडरचा ट्विन रिव्हर्ब, म्हणजे सगळंच व्हॉल्व्हवर, जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांवर. आवाजाबद्दल प्रश्नच नाही, स्टील वाजवणाऱ्या कित्येक पिढ्या त्यावर वाजवत आल्या. पण त्यात चार मोठे (६एल६) आणि सहा छोटे असे दहा व्हॉल्व्ह. बेळगावात एकही दुकानात मिळत नाही, प्रत्येक मागवावा लागतो. शिवाय कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच पेटीत, इतका जड की दोघांशिवाय हलत नाही. दुसरी वाट पीव्हीच्या सेशन ४०० ची. पूर्ण ट्रान्झिस्टर, पंधरा इंची स्पीकर, अमेरिकेतल्या पेडल स्टील (पायपट्ट्यांची स्टील गिटार) वाजवणाऱ्यांचा तो भरवशाचा गडी. मी तो गोव्यात एका ओळखीच्यांकडे दोन तास वाजवून पाहिला. स्वच्छ, मोकळा, दणकट. माझ्या वाजवण्याला मात्र तो जरा कोरडा वाटला. आघात झाला की झाला, त्याला बसायला गादी नाही.

तिसरी वाट हायब्रीडची, म्हणजे अर्धं चिपवर, अर्धं व्हॉल्व्हवर. म्युझिक मॅनच्या या जुन्या अँपमध्ये प्रीअँपला, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाला, व्हॉल्व्ह नाहीत, ऑप-अँप आयसी (छोट्या चिपा) आहेत. पॉवरच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या, बाजूला मात्र दोन ईएल३४ व्हॉल्व्ह. माझ्या मशीनमध्ये मधल्या टप्प्याला एक छोटा १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहे; पुढच्या मॉडेलांत तोही गेला आणि त्या जागी ट्रान्झिस्टर आले. म्हणजे एकूण व्हॉल्व्ह तीन. या कंपनीला म्युझिक मॅन हे नाव १९७४ साली मिळालं आणि तिच्यामागे लिओ फेंडर होते. फेंडर कंपनी त्यांनी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीला विकली होती. आपल्यासारख्यांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे याच माणसाने १९४५ च्या सुमारास धंद्याला सुरुवात केली ती लॅप स्टील (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची) गिटार आणि तिच्यासोबतचा छोटा अँप बनवून. सहा तारांची उभी इलेक्ट्रिक गिटार नंतर आली, आडवी आधी.

मडगावच्या एका घरातून हा हेड मिळाला. घरातले वडील जहाजावर वाजवायचे, त्यांनी तो परदेशातून आणलेला. चोर्ला घाटातून गाडीच्या मागच्या सीटवर, गोधडीत गुंडाळून आणला. अठ्ठावन्न हजार दिले, पुढे दुरुस्तीवर साधारण अकरा हजार गेले.

घरी आणून लगेच स्वीच चालू केला नाही, हे मी सगळ्यात चांगलं काम केलं. शहापुरात आमचे एक रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे मामा आहेत, व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले. त्यांच्याकडे नेला. ते आधी म्हणाले, “अक्का, ह्याच्या पोटात सातशे व्होल्ट असतंय. बंद केल्यावर पण कंडेन्सरात राहतंय. तुम्ही मागचं झाकण काढायचं नाही बघा.” हे मी जसंच्या तसं इथे देते, कारण हौसेने स्क्रू उघडणारे आपल्यात खूप आहेत. या अँपमध्ये व्हॉल्व्हच्या प्लेटला जाणारा विजेचा दाब नेहमीच्या गिटार अँपपेक्षा बराच जास्त आहे. मामांनी सिरीज बोर्डवर शंभर वॅटचा बल्ब लावून पहिल्यांदा वीज दिली, बल्ब उजळून मंद झाल्यावरच पुढे गेले. फिल्टरचे जुने कंडेन्सर सगळे बदलले, कंट्रोलची खरखर स्प्रेने गेली. आयसीच्या जागी सॉकेट बसवले आणि टीएल०७२ या आयसी लावल्या. पिना जुळतात, आणि सूं असा जो मागे वाहणारा आवाज होता तो पुष्कळ उतरला. मींडेच्या शेपटासाठी ही एक बदली पैशापरीस मोठी ठरली.

कॅबिनेट इथेच केलं. वडगावच्या सुताराकडून अठरा एमएमच्या प्लायचं, आत आठ ओहमचा पंधरा इंची स्पीकर. हेडच्या मागे ओहमचा आकडा बघून स्पीकर जुळवला. पंधरा इंचीच का, तर स्टीलचा आवाज गिटारच्या पट्टीवरच्या बारा नंबरच्या खुणेच्या वर गेला की दहा-बारा इंची स्पीकर कानात टोचतो. मोठा कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) ती धार गोल करतो आणि खर्जाला पोट देतो. एक सूचना मात्र सक्त: व्हॉल्व्हचा अँप स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता आवाज. पहिल्या दिवशी यमनमधली एक साधी ओळ वाजवली, नी-रे-ग एका आघातात, आणि ग वर थांबले. तो ग संपेपर्यंत मी हात उचलला नाही. प्रीअँप आयसीचा असल्यामुळे नखीचा आघात स्पष्ट राहतो, पुसट होत नाही. पुढे पॉवरचे व्हॉल्व्ह त्या आघाताला किंचित दाबून घेतात आणि मग सोडतात, त्यामुळे मागचे स्वर पुढे आल्यासारखे वाटतात. पायाखालचा व्हॉल्यूम पेडल मी निम्म्यावर ठेवून छेडते आणि स्वर विरू लागला की हळूहळू दाबत नेते. यासाठी अँपच्या हातात शिल्लक लागते, ती इथे आहे. पेडल पूर्ण दाबला तरी फाटत नाही.

फाटतो तो वेगळ्याच ठिकाणी, आणि हे हायब्रीड घेणाऱ्याने नीट समजून घ्यावं. व्हॉल्व्ह ओव्हरलोड झाला तर हळूहळू खरखरीत होतो. आयसी ओव्हरलोड झाली की एकदम कर्कश तुटते. स्टीलचे काही पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) फार गरम, म्हणजे जोरदार सिग्नल देणारे, असतात. माझ्या एका विद्यार्थ्याची आठ तारांची गिटार लावली तेव्हा चॅनेलचा आवाज चारवर असतानाच टोकाला चरचर आली. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला आणि गेली. ब्राइटचा (धार वाढवणारा) स्वीच मी कायम बंद ठेवते, डीपचा (खर्ज वाढवणारा) फक्त बंद खोलीत लावते. हाय-लोच्या स्वीचवर घरी लो, कार्यक्रमाला हाय. लो वर दाब उतरतो, तशी स्वच्छतेची शिल्लकही उतरते, म्हणून मंडपात लो चा उपयोग नाही. रिव्हर्ब (घुमारा) तीनच्या वर नेला की मींडेच्या खुणा एकमेकींत मिसळतात. ट्रेमोलो (आवाजाची थरथर) मी एकदाही वापरला नाही.

आता वीज, कारण आपल्याकडे खरा कस तिथेच लागतो. अँप अमेरिकन, म्हणजे ११७-१२० व्होल्ट आणि साठ हर्ट्झचा. मी आधी २३० चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर घेतला आणि ऑगस्टमध्ये त्याची फळं भोगली. खानापूर तालुक्यातल्या एका गावात कार्यक्रम होता, बाहेर धो-धो पाऊस. मध्येच वीज गेली, आली ती चढीच आली, मीटरवर २५०. अँपला १३० मिळत होते. अर्ध्या अभंगात एका व्हॉल्व्हची प्लेट लाल झालेली मागच्या जाळीतून दिसली. तबलजींनी खूण केली, मी लगेच स्वीच बंद केला आणि उरलेला अभंग पेटीवर झाला. श्रोते थांबले, पण मला रात्रभर झोप नव्हती. ती जोडी गेली. आता जेजे कंपनीच्या ई३४एल व्हॉल्व्हची जोडी आहे, मामांनी बायस (व्हॉल्व्हमधून किती करंट वाहतो ते) तपासून लावली.

त्यानंतर ट्रान्सफॉर्मर बदलून सरळ निम्मे करणारा घेतला, २२० चे ११० वाला, पाचशे व्हीए क्षमतेचा. २३० ला ११५ मिळतात, २५० आले तरी १२५. साठ हर्ट्झवर बेतलेला लोखंडी गाभा आपल्या पन्नास हर्ट्झवर जास्त तापतो, त्यामुळेही थोडा कमी दाब बरा. अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरमधून पुढे अँपपर्यंत गेली आहे ना, हे मीटर लावून बघून घ्या. बाजारातले कित्येक ट्रान्सफॉर्मर दोनच पिनांचे असतात. फ्रिजचा स्टॅबिलायझर लावून पाहिला, पण त्याची रिले टकटक करते आणि प्रत्येक टक स्पीकरातून येते. आता कार्यक्रमाला मीटर सोबत असतो. २५० च्या वर आकडा दिसला तर मी वाजवत नाही, आयोजकांना तसं आधीच सांगते.

घूं आवाजाची तक्रार निपाणीला आली. दोष अँपचा नव्हता, सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप आणि शेजारचे डिमरवरचे दिवे. खुर्ची चौथाई फिरवली तेव्हा निम्म्याहून कमी झाला. पावसाळ्यात अँप कापडाखाली कोंडून ठेवला तर बुरशी धरते. मी आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवला, आतली ओल निघते.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसतात आणि शेवटचा स्वर पोचला की हात वर करतात. जुन्या अँपवर त्यांचा हात आठ-दहा मींडांतून एखादीला वर जायचा. यंदा गणपतीत शहापूरच्या मंडपात भैरवीला तो खाली आलाच नाही.

एक काम बाकी आहे. पंधरा इंची स्पीकरचा कोन कडेला जरासा सुटलाय, खर्जातल्या सा ला फरफर ऐकू येते. पुढच्या आठवड्यात तो कोल्हापूरला रिकोनिंगला (नवा कोन बसवायला) द्यायचा आहे, आणि येताना ई३४एलची एक जोडी जास्तीची आणून ठेवायची आहे.